सारथ्याविना मोटार

चालकावांचून चालणारी मोटार म्हटली, कीं तिच्या यंत्रांत कोणी तरी वाहतुकीचे सारे नियम भरून ठेविले असतील, अशी सामान्यतः समजूत होते. पण केवळ नियमांनीं हें काम भागण्यासारखें नाहीं. कोणत्या बाजूनें जावें, हें नियमानें सांगतां येईल; परंतु समोरचा काळा आकार म्हणजे झाडाची सावली कीं खड्डा, हें कोणत्या नियमानें सांगावें? मनुष्य तें अनुभवानें ओळखतो. तसाच अनुभव यंत्राला द्यावा, असंख्य उदाहरणें दाखवून त्यांतून त्याचें त्यालाच शिकूं द्यावें, हें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या शाखेवर या मोटारी उभ्या आहेत, तिचें मुख्य सूत्र होय.

अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे डीन पोमर्लो यांनीं १९८९ मध्यें ‘ॲल्व्हिन’ नांवाची अशी एक यंत्रणा जगापुढें मांडली. तिला कॅमेऱ्यांतून रस्त्याचें अगदीं अंधुक चित्र मिळे: उभे ३० व आडवे ३२, मिळून अवघे ९६० ठिपके. पुढें तिला शिकविण्याची रीत अशी ठरली. मनुष्य मोटार हांकी. यंत्र चित्र पाही, सुकाणूचें चक्र किती वळवावें याचा अंदाज करी, आणि चालकानें तें प्रत्यक्ष किती वळविलें याच्याशीं ताडून आपली चूक सुधारी.

येथें एक मौजेची अडचण उत्पन्न झाली. चांगला चालक मोटार आपल्या वाटेच्या मधोमध ठेवतो. त्यामुळें ती कडेला गेली असतां परत कशी आणावी, हें शिष्याला कधीं पाहावयासच मिळेना! पोमर्लो यांनीं मग तींच चित्रें किंचित् डावी-उजवीकडे सरकवून, मोटार वाट सोडीत असल्याचा देखावा निर्माण केला व त्यावरचा उपायहि यंत्राला शिकविला. १९९५ सालीं याच विद्यापीठाची एक मोटार पिट्सबर्गहून सॅन डिएगोपर्यंत सुमारें २,८५० मैल गेली. त्यांपैकीं ९८ टक्के अंतर सुकाणू यंत्राच्या स्वाधीन होतें. वेग व ब्रेक मात्र मनुष्याकडेच होते.

आजच्या मोटारींत अनेक कॅमेरे, रडार व लेसर किरणांनीं अंतर मोजणारीं उपकरणें असतात. तरीहि जें दाखविलें नाहीं किंवा जें रचनेंत धरलें नाहीं, तें यंत्राला ठाऊक नसतें. हें किती घातक होऊं शकतें, तें १८ मार्च २०१८ रोजीं ॲरिझोना संस्थानांतील टेंपी शहरीं दिसून आलें. रात्रीच्या वेळीं एक स्त्री सायकल हातीं धरून रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीच्या प्रयोगासाठीं चाललेल्या मोटारीला धडकेपूर्वीं ५.६ सेकंद तिची चाहूल लागली होती. परंतु यंत्रानें तिला कधीं वाहन मानलें, कधीं ‘इतर वस्तु’, कधीं सायकल. आणि मत बदललें, कीं ती पूर्वीं कोठें होती व कोणीकडे चालली होती, हा मागचा हिशेब विचारांत घेतला जात नसे. ठरलेल्या जागेखेरीज कोणी पादचारी रस्ता ओलांडील, ही शक्यता रचनेंत धरलीच नव्हती. देखरेखीसाठीं आंत बसविलेल्या व्यक्तीचें लक्षहि रस्त्याकडे नव्हतें. त्या स्त्रीचा अंत झाला. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळानें २०१९ मध्यें ही सारी हकीकत उजेडांत आणली.

श्रोतेहो, अंधारांत कांहीं हललें, तर शहाणा गाडीवान तें काय आहे याचा निर्णय लागेपर्यंत वाट पाहत नाहीं. आधीं बैल आवरतो, मग न्याहाळून पाहतो. संशय आला, कीं वेग आवरावा, हा धडा यंत्राला शिकविणाऱ्यानेंच घालून द्यावा लागतो. अशा मोटारीनें किती मैल विनातक्रार काटले, हें तिचे कर्ते अभिमानानें सांगतील. जेथें तिला समोरचें कांहींच उमगलें नाहीं, तेथें ती कशी वागली, हें त्यांना विचारण्याचा अधिकार मात्र रस्त्यानें पायीं चालणाऱ्या प्रत्येकाचा आहे.