फक्त बघायची परवानगी

घरात दोन कॉम्प्युटर आहेत. एक माझ्या टेबलावर, दुसरा आतल्या खोलीत वडिलांचा. त्यांची हार्ड डिस्क अधूनमधून गच्च भरते आणि ‘अरे, पुन्हा हळू चालतंय’ अशी हाक येते. दर वेळी उठून जाण्यापेक्षा डिस्क किती भरली ते बसल्या जागेवरून दिसावं, एवढंच मला हवं होतं. विंडोजमध्ये त्यासाठी डब्ल्यूएमआय नावाची सोय असते. एका मशीननं दुसऱ्याला विचारायचं आणि त्यानं आपली हालहवाल सांगायची. मी विचारलं. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, खातंही अॅडमिनिस्ट्रेटरचं. उत्तर आलं, ‘अॅक्सेस इज डिनाइड’.

वैताग येतो, पण या निरोपात बरंच काही सांगितलेलं असतं. ‘आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल’ असं आलं असतं, तर बहुधा फायरवॉलनं १३५ क्रमांकाच्या पोर्टावरच अडवलं असं समजायचं. म्हणजे दारापर्यंत पोचलोच नाही. ‘डिनाइड’मध्ये दार उघडतं, आतला माणूस तुम्हाला न्याहाळतो आणि नाही म्हणतो.

इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. तुम्ही कोण, हा एक प्रश्न आणि तुम्हाला काय करू द्यायचं, हा दुसरा. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्याचं ओळखपत्र खरं असलं, तरी त्याला आपण मीटरपर्यंतच सोडतो, कपाटाची किल्ली देत नाही. ऑफिसच्या डोमेनमध्ये पहिला प्रश्न केर्बेरॉस ही पद्धत सोडवते. ती इतकी काटेकोर, की दोन मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर ओळख नाकारते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आणि घड्याळ मागे पडलं, तर बरोबर पासवर्डही चालत नाही.

आमच्या घरी अडचण दुसऱ्या प्रश्नाची होती. व्हिस्टापासून विंडोजनं एक सावधगिरी घेतली आहे. मशीनवरचं स्थानिक अॅडमिनिस्ट्रेटर खातं नेटवर्कवरून आत आलं, तर त्याचे अधिकार कापून त्याला साधा वापरणारा करून टाकायचं. यावर इंटरनेटवर हमखास सापडणारा तोडगा म्हणजे रजिस्ट्रीतली एक किंमत १ करा आणि ही कात्री बंद करा. मीही केलं. लगेच चाललं. त्याच संध्याकाळी परत फिरवलं. कारण अनेक ऑफिसांत सगळ्या मशीनवर स्थानिक अॅडमिनचा पासवर्ड एकच असतो. तिथं ही कात्री काढली, की एक मशीन हाती लागलेला चोर उरलेल्यांत सरळ चालत जातो.

योग्य मार्ग कंटाळवाणा आहे. बघण्यापुरतं वेगळं खातं काढायचं, ते ‘डिस्ट्रिब्युटेड कॉम युजर्स’ आणि ‘परफॉर्मन्स मॉनिटर युजर्स’ या गटांत घालायचं आणि डब्ल्यूएमआयच्या सेटिंगमध्ये त्याला ‘रिमोट एनेबल’ची खूण द्यायची. डिस्क दिसते, पुसता येत नाही.

राउटर आणि स्विच यांची कथा आणखी जुनी. त्यांची विचारपूस करणारी एसएनएमपी ही पद्धत १९८८ची. तिच्या पहिल्या आवृत्तीत पासवर्ड म्हणजे एक शब्द, तोही उघडा तारेवरून जाणारा आणि बहुतेक यंत्रांत कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असा भरलेला! कूटबद्ध तिसरी आवृत्ती २००२मध्ये अधिकृत मानक झाली, तरी जुन्या अजून वापरात आहेत.

नजर ठेवणाऱ्याच्या हाती किती किल्ल्या असतात, ते २०२०मध्ये जगाला कळलं. अमेरिकेतल्या सोलरविंड्स कंपनीचं ओरायन हे सॉफ्टवेअर मोठमोठ्या नेटवर्कांवर लक्ष ठेवतं. घुसखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच आपला कोड मिसळला आणि तो सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेला. प्रत्यक्ष घुसखोरी त्यांतल्या थोड्यांकडेच झाली, पण त्यांत अमेरिकी सरकारचे विभागही होते. प्रकरण उघडकीला आलं ते फायरआय कंपनीत. तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या नावावर लॉगिनसाठी दुसरा फोन नोंदवलेला दिसला. सुरक्षा विभागानं त्याला विचारलं. तो फोन त्याचा नव्हता.

तुमच्या ऑफिसातलं मॉनिटरिंगचं खातं कोणत्या गटात आहे, ते सोमवारी एकदा उघडून बघा.