वार्धक्यजन्य श्रवणऱ्हास : सोनगीरच्या भांडी-व्यवसायाच्या संदर्भात

धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा मार्गावर वसलेले सोनगीर हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात पूर्वापार प्रसिद्ध आहे. भांड्यास घाट व कणखरपणा यावा म्हणून त्यावर हातोडीचे असंख्य ठोके द्यावे लागतात. यासच मठारकाम म्हणतात. या कामात आयुष्य वेचलेल्या कारागिरास साठीनंतर कमी ऐकू येऊ लागले, तर ‘वय झाले’ असे म्हणून प्रश्न निकालात काढण्याकडे सर्वसाधारण कल असतो. हे निदान कितपत पुरेसे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे १५,००० केशकोशिका असतात. ध्वनिकंपनांचे मज्जासंदेशांत रूपांतर करणे हे त्यांचे कार्य होय. मनुष्यामध्ये नष्ट झालेली केशकोशिका पुन्हा निर्माण होत नाही. वयोमानाने या कोशिका, त्यांस जोडलेले मज्जातंतू व नलिकेचे पोषण करणारी ऊतके क्षीण होतात, आणि उच्च कंप्रतेचे ध्वनी प्रथम लोपू लागतात. स्वरांची शक्ती मुख्यतः नीच कंप्रतेत, तर स, श, ट, ठ यांसारख्या व्यंजनांची उच्च कंप्रतेत असते. म्हणूनच वृद्ध मनुष्य ‘ऐकू येते, पण समजत नाही’ अशी तक्रार करतो. वजनावर भांडी विकणाऱ्यास ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील भेद न कळणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

आता दुसरे कारण पाहू. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांचे वर्णन केले आहे. सतत ठोकण्याने त्यांच्या कानांस इजा होते व म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्याने नोंदविले. गोंगाटाने होणारी हानी प्रायः ४,००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते. श्रवणालेखात तेथे खाच दिसते व ८,००० हर्ट्‌झला रेषा पुन्हा काहीशी वर येते. केवळ वार्धक्याचा आलेख मात्र उच्च कंप्रतेकडे अखंड उतरत जातो. पुढे वय वाढल्यावर ही खाच त्या उतारात मिसळून जाते. तेव्हा सत्तरीतील कारागिराच्या श्रवणालेखावरून दोन्ही कारणांचा वाटा निश्चित करता येत नाही. त्यासाठी व्यवसायाचा पूर्वेतिहास विचारणे अगत्याचे ठरते.

सॅम्युएल रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुदानमधील शांत परिसरात राहणाऱ्या माबान लोकांचा अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध केला. तेथील वृद्धांची श्रवणशक्ती औद्योगिक समाजातील समवयस्कांपेक्षा चांगली आढळली. आहार व आनुवंशिकता यांचाही त्यात भाग असू शकेल. तथापि वृद्धाचा सर्व श्रवणऱ्हास वयाच्या माथी मारणे युक्त नाही, हे त्यावरून सूचित होते.

हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. वय रोखता येत नाही. गोंगाट रोखता येतो. आठ तासांसाठी ८५ डेसिबेल ही मर्यादा मानल्यास, दर तीन डेसिबेल वाढीस सुरक्षित काळ निम्मा होतो. १०० डेसिबेलला तो अवघा पंधरा मिनिटे उरतो. शिवाय ४,००० हर्ट्‌झच्या परिसरातील हानी पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच बहुतांशी होऊन जाते. म्हणून संरक्षणाची खरी निकड नवशिक्या कारागिरास आहे. कानात कापूस घालणे पुरेसे नाही. योग्य कर्णरोधक वापरणे, काम आळीपाळीने करणे व ठोकण्याची जागा निराळी ठेवणे हे उपाय होत.

ज्यांचा ऱ्हास झालाच आहे, त्यांच्या बाबतीत प्रथम कानातील मळ व मध्यकर्णाचे विकार नाहीत याची खात्री करावी. नंतर श्रवणमापन करून श्रवणयंत्र द्यावे. त्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात, हे आधीच सांगावे. घरच्यांनी ओरडू नये. समोर बसून, उजेडात, सावकाश बोलावे. उपचाराचे महत्त्व कानापुरते नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या व्यक्तींवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांनंतर सरसकट लाभ दिसला नाही. परंतु ज्यांना बुद्धिऱ्हासाचा धोका अधिक होता, त्यांच्यात श्रवणोपचाराने तो ऱ्हास सुमारे निम्म्याने मंदावला.

सारांश, ‘वय झाले’ हे निदान अपुरे आहे. वृद्ध रुग्णाची नोंद करताना वयाबरोबर ‘आयुष्यभर काय काम केले?’ हा प्रश्न विचारला गेला, तर त्याच्या शेजारी बसून हातोडी धरणाऱ्या नातवाचे कान वाचविण्याचा मार्ग मोकळा होईल.