डिस्नेलँड बघायला निघालेल्या लातूर-नांदेडकरांनी जपानमध्ये अजून काय बघायला हवं ?

जपानची ट्रिप म्हटलं की इन्स्टावर ठरलेल्या चार गोष्टी दिसतात. डिस्नेलँडचा निळ्या छपरांचा किल्ला, युनिव्हर्सल स्टुडिओमधला मारिओ, शिबुयाचं गर्दीनं भरलेलं क्रॉसिंग आणि बुलेट ट्रेनच्या खिडकीतून दिसणारा फुजी पर्वत.

हे रील्स लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या वजिराबादमध्येही तितकेच बघितले जातात. एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना जपानचा ई-व्हिसा मिळायला लागला आणि सिंगापूर-दुबईच्या पुढे जाऊन जपानचा विचार करणारी कुटुंबं वाढली.

पण मराठवाड्यातल्या माणसासाठी या ट्रिपमध्ये एक गोष्ट जास्तीची आहे. ती रील्समध्ये दिसत नाही. ती म्हणजे भूकंपाच्या जमिनीवर उभ्या असलेल्या या सगळ्या गोष्टी उभ्या कशा राहतात, हे समजून घेणं.

आधी ट्रिपचं गणित बघू.

लातूर किंवा नांदेडहून आधी हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागते. थेट टोकियोला जाणारी विमानं दिल्ली आणि बंगळुरूहून मिळतात. नाहीतर बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगला विमान बदलायचं. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे.

सात-आठ दिवस हातात असतील तर टोकियो आणि ओसाका ही दोनच शहरं धरावीत, आणि प्रत्येक शहरात एकच पार्क. एका पार्कला सकाळपासून रात्रीपर्यंतचा पूर्ण दिवस जातो. तिकिटं तारखेनुसार आधीच ऑनलाइन काढावी लागतात, आणि गर्दीच्या दिवसांचा दर जास्त असतो. ४ ते ११ वर्षांच्या मुलांना वेगळं तिकीट असतं, त्यापेक्षा लहान मुलं फुकट.

उन्हाळी सुट्टीत जाणार असाल तर एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला आठवडा टाळा. तेव्हा जपानमध्येच ‘गोल्डन वीक’ची सुट्टी असते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र हवा छान असते आणि नोव्हेंबरमध्ये झाडांची पानं लाल-पिवळी झालेली दिसतात.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवायचं. जपानी सूप आणि नूडल्समध्ये बऱ्याचदा माशापासून काढलेला ‘दाशी’ नावाचा रस असतो, भाजीचा पदार्थ दिसला तरी. टोकियोत यावर उपाय आहे, निशी-कसाई. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला होता. इथं भारतीय हॉटेलं आणि किराणा दुकानं आहेत, आणि डिस्नेलँडही इथून जवळच आहे.

आता येऊ डिस्नेलँडवर.

टोकियो डिस्नेलँड सुरू झालं १५ एप्रिल १९८३ ला. अमेरिकेबाहेरचं हे पहिलं डिस्नेलँड. गंमत म्हणजे नाव टोकियोचं असलं तरी ते आहे शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासू शहरात. आणि ते डिस्नेच्या मालकीचंही नाही. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी ते चालवते आणि डिस्नेला रॉयल्टी देते. शेजारीच २००१ मध्ये ‘डिस्नेसी’ सुरू झालं. समुद्राच्या थीमवरचं हे पार्क जगात दुसरीकडे कुठंही नाही. लहान मुलं सोबत असतील तर डिस्नेलँड आणि कॉलेजची पोरं असतील तर डिस्नेसी, असा साधा हिशोब करता येतो.

ही दोन्ही पार्क ज्या जमिनीवर आहेत, तिथं आधी समुद्र होता. टोकियोच्या खाडीत भराव टाकून ती जमीन तयार केलेली आहे. भरावाच्या जमिनीचा धोका असा की, मोठा भूकंप झाला की वाळू आणि पाणी एकत्र होऊन जमीन चिखलासारखी वागायला लागते.

११ मार्च २०११ ला नेमकं तेच झालं. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. उरायासूमध्ये रस्ते खचले, घरं कलली. पार्किंगच्या जागेतही चिखल वर आला. पण पार्कच्या आतली जमीन टिकली. कारण बांधकामाच्या वेळीच जमिनीत खोलवर वाळूचे खांब ठोकून ती घट्ट करून घेतलेली होती.

त्या क्षणी दोन्ही पार्कमध्ये मिळून सुमारे ७० हजार लोक होते. तिथले कर्मचारी वर्षभर भूकंपाचा सराव करत असतात. त्यांनी लोकांना जागेवर बसवलं, डोक्याला मार लागू नये म्हणून दुकानातली मऊ खेळणी वाटली. थंडी-पावसापासून बचावाला पुठ्ठ्याची खोकी आणि प्लॅस्टिक दिलं. रेल्वे बंद पडल्यामुळं सुमारे २० हजार लोक रात्रभर पार्कमध्येच राहिले. पार्कमध्ये एकाचाही जीव गेला नाही, आणि साधारण पाच आठवड्यांनी डिस्नेलँड पुन्हा सुरू झालं.

हाच विचार टोकियो शहरातही दिसतो. ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री टॉवर २०१२ मध्ये खुला झाला. त्याच्या मधोमध काँक्रीटचा एक वेगळा खांब आहे. भूकंपात बाहेरचा सांगाडा आणि हा खांब वेगवेगळे हलतात आणि एकमेकांचा झोका कमी करतात. जपानच्या जुन्या लाकडी पॅगोडांमध्येही असाच मधला खांब असायचा. टोकियो ते ओसाका अंतर अडीच तासांत कापणारी शिंकानसेन भूकंपाची पहिली लाट ओळखून ब्रेक लावते. २०११ च्या त्या दिवशी प्रवासी असलेली एकही शिंकानसेन रुळावरून घसरली नाही.

ओसाकाला पोहोचलात की युनिव्हर्सल स्टुडिओ आहेच. २००१ मध्ये सुरू झालेल्या या पार्कमध्ये हॅरी पॉटरचं गाव २०१४ मध्ये आलं आणि मारिओचं सुपर निंटेंडो वर्ल्ड २०२१ मध्ये. संध्याकाळी दोतोनबोरीचा झगमगाट, दुसऱ्या दिवशी ओसाकाचा किल्ला.

आणि एक दिवस कोबेसाठी काढून ठेवायचा.

कोबे ओसाकाहून लोकलनं अर्ध्या तासाच्या आत. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी इथं भूकंप झाला आणि ६,४३४ माणसं गेली.

लातूरकरांना तारखा जोडायला वेळ लागत नाही. त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरलं होतं. गणेश विसर्जन करून दमलेली गावं झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १० हजार माणसं गेली.

दोन्हीकडे माणसं मारली ती घरांनी. किल्लारी-सास्तूरकडं मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. कोबेत जड कौलांची जुनी लाकडी घरं. जपाननं १९८१ मध्ये बांधकामाचे नियम कडक केले होते. कोबेमध्ये त्या नियमांनंतरच्या इमारती बऱ्यापैकी टिकल्या, जुनी घरं पडली.

हे सगळं कोबेच्या भूकंप संग्रहालयात बघायला मिळतं. २००२ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात भूकंपाचे ते काही क्षण आवाज आणि प्रकाशाच्या मदतीनं दाखवतात. त्यातून वाचलेली माणसं स्वतः अनुभव सांगतात. सोमवारी ते बंद असतं. बंदरावरच्या मेरिकेन पार्कमध्ये तुटलेल्या धक्क्याचा एक भाग तसाच जपून ठेवलाय, तो फुकट बघता येतो.

याचा ट्रिपमध्येच होणारा एक उपयोग आहे. किल्लारीनंतर मराठवाड्यात एकच धडा पक्का बसला, जमीन हलली की घराबाहेर पळायचं. दगड-मातीच्या घरासाठी तो स्वाभाविक होता. जपानच्या शहरात मात्र हेच धोक्याचं ठरू शकतं. तिथल्या नव्या इमारती हलण्यासाठीच बांधलेल्या असतात, आणि बाहेर वरून काचा आणि पाट्या पडू शकतात. त्यामुळं हॉटेलात असाल तर टेबलाखाली जा, डोकं झाका, हादरे थांबेपर्यंत थांबा. पार्कमध्ये असाल तर कर्मचारी सांगतील तसं करा. निघण्याआधी जपानच्या पर्यटन खात्याचं ‘सेफ्टी टिप्स’ हे मोफत अॅप मोबाइलमध्ये घ्या, ते इंग्रजीत सूचना देतं. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना हे आधीच समजावून सांगा.

हा विषय आपल्याकडेही संपलेला नाही. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या भूकंपाचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले होते. त्यामुळं ट्रिपहून येताना चॉकलेटं आणि मिकीचे कान जरूर आणा, पण पोरांना एक प्रश्नही विचारा. आपली शाळा भूकंपाचा सराव शेवटचा कधी घेतला होता ?