घाट चढून आलेले शब्द

आळेफाट्याच्या उपबाजारात कांद्याची गोणी ओतावी, व्यापाऱ्याने ढिगातला एक कांदा उचलून अंगठ्याने दाबून पाहावा आणि लिलाव पुकारला जावा, हा आमच्या आळे परिसरातील नित्याचा व्यवहार. परंतु ‘लिलाव’ हा पोर्तुगीज ‘लैलांव’चाच मराठी अवतार होय, हे ध्यानी आल्यापासून त्या पुकाऱ्यात मला चौल-वसईची बंदरे जागी झाल्यासारखी वाटतात.

आमचा जुन्नर प्रांत निजामशाहीत असताना, त्याच निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये चौलास कोट बांधावयास घेतला. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई त्यांना मिळाली. आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकीपर्यंत, दोन शतकांहून अधिक काळ, त्यांचा अंमल तेथे टिकला. बंदरावरचा जिन्नस घाट चढे, आणि त्याचे नावही सोबत चढे. पगार, चावी, घमेले, पिंप, फीत, कोबी, बटाटा हे शब्द असेच आले. ‘तुरुंग’ तर मूळचा ‘त्रोंकु’, म्हणजे झाडाचे खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकविण्याचे लाकूड, आणि त्यावरून बंदिशाळा. आपल्या ‘खोड’ आणि ‘खोडा’ या शब्दांतही हाच संबंध दिसावा, याचे मला फार कौतुक वाटते.

शब्द आले, वाक्प्रचार मात्र घाटाखालीच राहिले. कारण वस्तूचे नाव बाजारात हाती लागते, पण वाक्प्रचार उचलावयास एकमेकांच्या ओसरीवर बसावे लागते. म्हणूनच पोर्तुगीज भाषा शिकू लागलो तेव्हा ओळखीच्या शब्दांनीच मला चकविले. ‘पगार उ पातु’ म्हणजे बदकाचे पैसे भरणे, अर्थात दुसऱ्याच्या अपराधाचे प्रायश्चित्त आपल्या माथी येणे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतो त्यातल्या संन्याशाची ही गत. पावाला पाव आणि चीजला चीज म्हणणारा माणूस तिकडे रोखठोक ठरतो, आणि कार्य उत्तम रीतीने शेवटास गेले की ते सोन्याच्या चावीने बंद झाले म्हणतात.

एक वाक्प्रचार मात्र अजून जिभेवर बसत नाही. नकोशा माणसास वाटेला लावावयाचे तर पोर्तुगीज म्हणतो, ‘जा, बटाटे लाव!’ आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर, खरिपाचा सारा संसार बटाट्यावर तोललेला असतो. ते वाक्य घोकू लागलो की पावसाचा अदमास घेत, ओणव्याने सरीत एकेक बेणे ठेवीत जाणारे मातीने माखलेले हात मला दिसू लागतात.