खोडदच्या तबकड्या आणि मेंदूतली धग

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की टोमॅटोच्या मांडवांमागून एक भली मोठी जाळीची परात डोकं वर काढते. मग दुसरी, तिसरी. म्हणायला तबकडी, बघायला चाळण. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आणि एकूण संख्या ३०. त्यातल्या १४ खोडदजवळ दाटीनं उभ्या आहेत, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर पंचवीसेक किलोमीटरपर्यंत विखुरल्या आहेत. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती इथे उभारली त्याचं एक मोठं कारण इथली शांतता. कानाला जाणवणारी नाही, रेडिओ लहरींची. शहरांचा रेडिओ-गोंगाट भोवतीचे डोंगर बराचसा अडवतात.

मला लिहायचंय ते मात्र एका आजाराबद्दल. त्याचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही नुसतं ‘एमएस’ म्हणतात. खोडदशी त्याचा धागा जुळतो तो हायड्रोजनमुळे.

अवकाशातला हायड्रोजन अणू १४२० मेगाहर्ट्झवर अगदी क्षीण रेडिओ लहर सोडतो, आणि विश्व प्रसरण पावत असल्यानं दूरच्या दीर्घिकांकडून ती आणखी खालच्या सुरात येते. खोडदच्या पराती ती टिपतात. आपल्या शरीरातल्या पाण्यातही हायड्रोजनच आहे. एमआरआयच्या नळीत माणूस झोपला की त्या हायड्रोजनचे प्रोटॉन चुंबकाच्या धाकानं शिस्तीत येतात आणि छेडले की रेडिओ लहरीत उत्तर देतात. दीड टेस्लाच्या यंत्रात हे उत्तर साधारण ६४ मेगाहर्ट्झवर येतं. संशोधनासाठी वापरतात त्या ७ टेस्लाच्या यंत्रात ते ३०० मेगाहर्ट्झच्या जवळ जातं, आणि हा पट्टा तर खोडदच्या तबकड्याही ऐकतात. एमआरआयची खोली तांब्याच्या पत्र्यानं मढवतात तीही बाहेरचा गोंगाट अडवायला. जे काम खोडदला डोंगर करतात, तेच तिथे पत्रा करतो.

नातं एवढ्यावर संपत नाही. स्टॅनफर्डमध्ये स्वरूप यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक होते रोनाल्ड ब्रेसवेल. आकाशाची पट्ट्यापट्ट्यांनी घेतलेली रेडिओ मोजमापं जुळवून अख्खं चित्र कसं उभं करायचं, याचं गणित त्यांनी १९५६ मध्ये मांडलं. त्याच जातीचं गणित पुढे शरीराच्या सीटी स्कॅनला उपयोगी पडलं.

आता आजाराकडे. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदरानं कुरतडली की मोटार कधी चालते, कधी अडखळते, कधी बसते. एमएसमध्ये आपल्याच संरक्षक पेशी मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण असंच कुरतडतात. एका डोळ्यापुढे धुकं येतं, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. बहुतेकांत हे अटॅक येऊन होतं: काही दिवस-आठवडे त्रास, मग बरीचशी सुधारणा. पण शंभरातल्या दहा-पंधरा जणांत पहिल्यापासून अटॅक नसतात, पाय नुसता हळूहळू जड होत जातो. आणि अटॅकवाल्यांपैकीही अनेकांचा आजार काही वर्षांनी याच उतरणीला लागतो. हा ‘प्रोग्रेसिव्ह’ एमएस. शब्द प्रगतीचा, प्रगती मात्र अपंगत्वाची.

हा गोऱ्या लोकांचा, थंड देशांतला आजार, अशी आपल्याकडे फार काळ समजूत होती. डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात शोध घेतला, तेव्हा लाखामागे सुमारे २६ रुग्ण सापडले. त्या वेळच्या भारतीय अंदाजांच्या मानानं हा आकडा कितीतरी मोठा होता. तो अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे एमआरआय यंत्रं वाढली तसे इतर समाजांतले रुग्णही दिसू लागले. त्याआधी त्यांतल्या कितीजणांच्या माथी ‘वात’ आणि ‘लकवा’ मारला गेला असेल, कुणास ठाऊक.

दिसणं आणि असणं यांतली ही गफलत प्रोग्रेसिव्ह एमएसमध्ये आणखी खोलवर घडली. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक पक्की भिंत असते. ताजा अटॅक म्हणजे रक्तातल्या पेशी ती फोडून आत घुसलेल्या. शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की ते त्या फुटलेल्या जागेतून पाझरतं आणि एमआरआयवर तेवढा ठिपका लख्ख उजळतो. ही चमक काही आठवडेच टिकते. ‘सूज ताजी आहे’ असं डॉक्टर म्हणतात ते हे बघून. प्रोग्रेसिव्ह रुग्णांत असे उजळ ठिपके कमी सापडत. स्टिरॉइडनं अटॅक ओसरतो, पण या संथ उतरणीवर ते फारसं चालत नसे. मग निष्कर्ष निघाला की इथली आग विझली आहे, उरली आहे ती राख, म्हणजे तंतूंची निव्वळ झीज. सूज कमी करणारी औषधं इथे कशाला?

पण गॅडोलिनियमला भिंतीतली गळती तेवढी कळते. भिंत पुन्हा बुजली आणि पेशी आतच राहिल्या, तर त्याला काहीच पत्ता लागत नाही.

जुन्या घरांत रात्री चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवत. वरून बघणाऱ्याला चूल थंड वाटे. पहाटे राख सारून फुंकर मारली की जाळ. या आजारात नेमकं तसंच चाललेलं मृत रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीत दिसलं. २००४ मध्ये इटलीतल्या संशोधकांना मेंदूच्या आवरणांत ‘बी’ पेशींनी थाटलेली छोटी ठाणी सापडली. २००९ मध्ये व्हिएन्नाच्या गटानं दाखवलं की प्रोग्रेसिव्ह अवस्थेतही तंतूंची झीज आणि दाह हातात हात घालून जातात. खऱ्या अर्थानं राख झालेले मेंदूही त्यांना सापडले. पण ते वृद्ध, दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांचे.

जिवंत रुग्णात ही धग कशी बघायची? काही जुन्या डागांच्या काठावर मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ठाण मांडून बसतात आणि त्यांच्यात लोह साठतं. लोहानं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडतं, त्यामुळे खास पद्धतीनं घेतलेल्या एमआरआयमध्ये डागाभोवती काळी कड दिसते. असे डाग वर्षानुवर्षं हळूहळू पसरतात. चार किंवा अधिक असतील तर अपंगत्व लवकर येतं, असं २०१९ च्या एका अभ्यासात आढळलं. निदानाच्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या आवृत्तीत या काळ्या कडेला जागा मिळाली आहे. गॅडोलिनियमचीही गरज नाही. एमआरआय घेण्याची पद्धत तेवढी बदलावी लागते.

औषधांची कथा याच वळणानं गेली. ‘बी’ पेशी हटवणाऱ्या रिटुक्सिमॅबची चाचणी ४३९ रुग्णांवर झाली, २००९ मध्ये निकाल आला: एकंदरीत अपयश. पण आकडे उलगडून पाहिल्यावर एकावन्न वर्षांखालच्या आणि उजळ ठिपके असलेल्या रुग्णांत फायदा दिसला. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातलं हे सर्वांत उपयोगी अपयश. त्याच जातीचं ऑक्रेलिझुमॅब ७३२ जणांवर तपासलं गेलं. नकली औषध घेणाऱ्यांत ३९.३ टक्के जणांचं अपंगत्व वाढलं, खरं घेणाऱ्यांत ३२.९. फरक मोठा नाही. तरी पहिल्यापासून प्रोग्रेसिव्ह असलेल्या एमएससाठी २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे पहिलंच औषध. सिपोनिमॉडच्या चाचणीत हेच आकडे ३२ आणि २६ होते. २०१९ मध्ये अमेरिकेनं त्याला नंतर प्रोग्रेसिव्ह झालेल्या एमएससाठी मान्यता दिली, पण आजार ‘सक्रिय’ असेल तरच.

ही औषधं मुख्यतः भिंतीबाहेर पहारा देतात. भिंत ओलांडून आतल्या मायक्रोग्लियापर्यंत पोचणारं टोलेब्रुटिनिब २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अटॅक थांबलेल्या रुग्णांवर तपासलं गेलं: ३०.७ विरुद्ध २२.६ टक्के. यकृताला इजा होण्याचा धोका मात्र त्याच्यासोबत येतो. झालेली झीज भरून काढणारं यांत काहीच नाही.

मे महिन्यातल्या उन्हात पाय अचानक जड झाला म्हणजे आजार सक्रिय झाला, असंही नाही. अंगाची उष्णता वाढली की सोललेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाहीत. सावलीत बसून अंग निवलं की पाय पूर्ववत होतो. लघवीतल्या जंतुसंसर्गानंही अशीच हूल बसते. ‘सक्रिय’ हा शब्द डॉक्टर लावतात ते अटॅक आल्यास, किंवा एमआरआयवर उजळ ठिपका, नवा डाग अथवा वाढलेला जुना डाग दिसल्यास. आणि नवा कोणता, जुना कोणता, हे एका फिल्मवरून सांगता येत नाही.

म्हणून नारायणगावच्या स्थानकावरून सकाळच्या एसटीनं पुण्याला निघालेल्या माणसाच्या हातात कापडाच्या दुकानाची मोठी पिशवी असते, आणि तपासणीच्या खोलीत पहिला प्रश्न येतो तो, ‘मागच्या वर्षीचा एमआरआय आणलाय का?’