पालीचं पिल्लू सापडलं? डबीत कोंडू नका, एवढं करा

कपाटामागे, मीटरच्या पेटीत वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी दिसली तर ती बहुतेक घरातल्या पालीची असतात. साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. पोरं लगेच ती डबीत घालून पाळायला बघतात. तिथंच पिल्लू मरतं.

पालीची आई पिल्लाला भरवत नाही. पिल्लू पहिल्यापासून स्वतःच बारीक किडे, मच्छर धरून खातं. म्हणून दूध, भात, साखर घालू नका. शेपटी धरू नका, ती तुटते. कागदावर अलगद घ्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात सोडा. तिथं कीटकनाशक मारू नका. अंडी हलवायचीच असतील तर वरची बाजू वरच ठेवा, उलटी करू नका. चिकटलेली असतील तर खरवडू नका.

पाल विषारी असते का? नाही. भारतात एकही पाल विषारी नाही. पण तिच्या विष्ठेत जुलाब-उलट्या करणारे जंतू असू शकतात. त्यामुळे हात लागला तर साबणाने धुवा, जेवण-पाणी झाकून ठेवा. अन्नात पाल पडली तर ते टाकून द्या.