फडाची रंगपेटी : आरसा आपला, उजेडही आपला

गावच्या जत्रेचा खर्च ठरवायला देवळाच्या ओट्यावर बैठक बसते, तेव्हा कागदावर काय काय उतरतं ते आठवा. पालखीची सजावट, मांडव, कुस्त्यांचा हगामा, शोभेची दारू, लाऊडस्पीकर आणि सगळ्यांत मोठा आकडा तमाशाच्या सुपारीचा. एक ओळ मात्र त्या यादीत कधीच नसते. ती म्हणजे स्टेजच्या मागे, कनातीच्या आड, जिथे कलावंत तोंडाला रंग लावतात तिथल्या उजेडाची. पुढे हॅलोजन लखलखत असतात आणि मागे एखादा पिवळा बल्ब वायरीला लोंबकळत असतो. त्याच्याखाली दहा-बारा जणी वीतभर आरसे हातात धरून काजळ घालत असतात. वीज गेली की मोबाईलची बॅटरी दातात धरायची.

तुम्ही म्हणाल, शेतीवाडीच्या पानावर हे रंगरंगोटीचं काय काढलंत? सांगतो. सुपारी तुमच्या पट्टीतून जाते. जत्रा तुमची, पाहुणे तुमचे आणि स्टेजच्या मागे बसलेल्या बायाही तुमच्या गावच्याच पाहुण्या. शिवाय ज्या वस्तूबद्दल आज बोलायचं आहे, ती गावातला सुतार करू शकतो आणि तिची निम्मी अक्कल तुम्हाला फवारणी पंपामुळे आधीच आलेली आहे. ही वस्तू म्हणजे आरसा आणि दिवा आतच बसवलेली, हातात उचलून नेता येणारी रंगपेटी. फडात नुसतं ‘पेटी’ म्हटलं तर कोणीतरी बाजाची पेटी आणून ठेवील, म्हणून आपण रंगपेटीच म्हणू.

रोज नवं गाव, रोज नवी कनात

तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि साधारण बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. तिथे पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जाऊन सुपाऱ्या ठरवतात. एकदा जत्रांचा जोर सुरू झाला की फड रोज नव्या गावी. दुपारी गाडी लागायची, संध्याकाळी स्टेज बांधायचं, रात्री खेळ, पहाटे पुन्हा सामान गाडीत. नाट्यगृहात रंगपट असतो, भिंतीवर आरसा असतो, त्याच्या कडेने दिवे असतात. फडाला हे सगळं पाठीवर घेऊन फिरावं लागतं.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. त्याच विठाबाई खेळ चालू असताना स्टेजच्या मागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००२ साली त्या गेल्या. ही हकीकत सांगून आपण हळहळतो, पण स्टेजच्या मागचा अंधार अजून तसाच आहे. तो हटवायला फार मोठी योजना लागत नाही.

उजेड कुठून पडावा?

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. डोक्यावरचा दिवा रंगभूषेला निकामी. वरून उजेड पडला की डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. ती सावली झाकायला बाई जास्त रंग थापते आणि स्टेजवर गेल्यावर तोंड चितारल्यासारखं दिसतं. म्हणून दिवा आरशाच्या दोन्ही बगलांना, चेहऱ्याच्या समोर हवा. दोन्हीकडून सारखा उजेड आला की सावलीला सावली मारते.

दुसरी गोष्ट दिव्याच्या रंगाची. पिवळ्या बल्बखाली पिवळसर छटा डोळ्याला कळत नाही आणि निळा रंग मळकट दिसतो. निळसर पांढऱ्या ट्यूबखाली चेहरा फिकट वाटतो, मग गालाला लाली जादा चढते. यासाठी ना पिवळा ना निळसर, असा मधला पांढरा उजेड घ्यावा. एलईडी पट्टीच्या वेष्टनावर ४००० ते ५००० केल्विन असा आकडा असतो, तो पाहून घ्या. त्याच वेष्टनावर सीआरआय नावाचा दुसरा आकडा असतो. रंग किती खरे दिसतील हे तो सांगतो. तो ९० किंवा त्याहून जास्त असलेली पट्टी घ्यावी. दुकानदार ‘सगळ्या सारख्याच’ म्हणेल, त्याचं ऐकू नका.

तिसरी गोष्ट उष्णतेची. आरशाभोवती ४० वॅटचे सहा बल्ब लावले तर २४० वॅट होतात. पेटीत एवढी भट्टी लावली तर लिपस्टिक आणि व्हॅसलीन वितळणारच. त्याच कामाला एलईडीची ५-६ वॅटची पट्टी पुरते आणि ती नुसती कोमट होते. पट्टीवर दुधी रंगाची प्लास्टिकची झाकणपट्टी जरूर बसवा, नाहीतर एकेक ठिपका डोळ्यात खुपतो.

आरसा किती मोठा?

इथे एक सोपा हिशेब आहे. उभ्या सपाट आरशात त्याच्या उंचीच्या दुप्पट भाग दिसतो, मग तुम्ही जवळ बसा की लांब. म्हणजे १० इंच उंचीच्या आरशात २० इंच दिसणार. अंबाड्यापासून गळ्यातल्या साजापर्यंत एवढं पुरतं. याहून मोठा आरसा म्हणजे नुसतं ओझं.

काच ३ किंवा ४ मिलिमीटर जाडीची घ्यावी. ११ बाय १० इंचाचा ४ मिलिमीटरचा आरसा सुमारे ७०० ग्रॅम भरतो, ३ मिलिमीटरचा अर्ध्या किलोच्या आसपास. अ‍ॅक्रिलिकचा आरसा हलका असतो आणि फुटत नाही, पण त्यावर ओरखडे पडतात आणि तो वाकला की तोंड वाकडं दाखवतो. काचच घ्या, मात्र मागच्या बाजूला चिकट फिल्म लावून घ्या, म्हणजे तडा गेला तरी तुकडे उडत नाहीत. आरशाला भोक पाडून स्क्रू मारू नका. कडेने रबरी पट्टी आणि मागे फोमची दुहेरी चिकटपट्टी लावली की गाडीचे धक्के ती पिऊन टाकते. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन आरशाच्या पाठीला लावलं तर पारा खराब होतो, ते टाळा. कडांना वार्निशचा हात फिरवला तर ओल शिरत नाही.

सुताराने ध्यानात ठेवायचं

१६ इंच रुंद, १२ इंच खोल आणि ९ इंच उंच अशी पेटी बहुतेकींना पुरते. ६ मिलिमीटर प्लायवूडमध्ये तिचा सांगाडा सुमारे २ किलोचा होतो. कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या लावा, कारण गाडीत पेटी पहिल्यांदा कोपऱ्यावरच आपटते. आरसा झाकणाच्या आतल्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना दिव्याच्या उभ्या पट्ट्या. झाकण किमान इंचभर खोल ठेवा, म्हणजे बंद केल्यावर डबीचं टोक काचेला लागत नाही.

चुकतं ते झाकणाच्या कोनात. दुकानातल्या आयत्या पेट्या टेबलावर ठेवून वापरायच्या असतात. फडातली बाई जमिनीवर, सतरंजीवर बसते. तिचा चेहरा जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास, आणि पेटी जमिनीवर ठेवली तर आरशाचा मध्य सव्वा फुटावर. झाकण काटकोनात उभं राहिलं तर तिला चेहऱ्याऐवजी पदरच दिसणार! म्हणून झाकणाला साखळी लावा आणि ती अडकवायला दोन हूक ठेवा. एका हुकावर झाकण जवळजवळ उभं राहील, ते ट्रंकेवर किंवा खुर्चीवर पेटी ठेवली तर. दुसऱ्या हुकावर ते मागे चांगलं कलेल, ते जमिनीवर ठेवली तर. दोन हुकांचा खर्च तो काय, पण मान आणि पाठ वाचते.

उचलायला कड्या पेटीच्या दोन्ही बगलांना लावा, झाकणाला नको. झाकणाला मूठ लावली की सगळा भार कोंड्यावर येतो आणि एखाद्या दिवशी एसटीच्या दारात रंगांचा सडा पडतो. खांद्याला अडकवायला पट्टा ठेवला तर आणखी बरं.

बॅटरी तुमच्या ओळखीची

पाठीवरच्या बॅटरी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. तीच जात इथे चालते. वर सांगितलेल्या दिव्याला अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी वीज लागते. बॅटरी निम्मी वापरली तरी आठ तास सहज निघतात. निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर ही शिशाची बॅटरी लवकर मरते, हे पंपावर तुम्ही अनुभवलं असेल. तिचं वजन अडीच किलोच्या आसपास. लिथियमची घेतली तर दीड किलोने पेटी हलकी होते, पण तिला तिचाच चार्जर लागतो.

एक ताकीद मात्र नीट वाचा. पंपातली वापरलेली बॅटरी काढून रंगपेटीत घालू नका. तिच्यावर औषधाचे शिंतोडे उडालेले असतात आणि ही पेटी तोंडाला लावायच्या वस्तूंची आहे. त्याच दुकानातून नवी घ्या.

बॅटरीचा कप्पा तळाशी, वेगळा आणि बाजूला हवेची भोकं ठेवून करा. दाढीमिशा चिकटवायचा स्पिरिट गम लगेच पेट घेतो, तो या कप्प्यापासून दूर ठेवा. धन तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज टाकल्याशिवाय पेटी वापरू नका. चार्जिंग चालू असताना दिवा बंद ठेवा, कारण त्या वेळी दाब १४ व्होल्टच्या वर जातो आणि पट्टीचं आयुष्य घटतं. दिवसा मुक्कामाला ऊन असेल तर छोटं सौर पॅनलही चालेल, पण मध्ये चार्ज कंट्रोलर हवा.

कप्प्यात काय नको?

जुन्या नटमंडळींत सफेदा, हिंगूळ, मुरदाडशिंग असे खनिज रंग चेहऱ्याला फासत. त्यातला हिंगूळ पाऱ्याचा, मुरदाडशिंग शिशाचं, आणि सफेदा जस्ताचाही असतो नि शिशाचाही. शिसं आणि पारा अंगात साठत जातात. गरोदर बाईला आणि अंगावर पिणाऱ्या पोराला ते जास्त बाधतात. सौंदर्यप्रसाधनात शिशाचे आणि आर्सेनिकचे रंग वापरायला आपल्या कायद्याने मनाई आहे. म्हणून बाजारात सुटी पुडी घेऊ नका. उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख असलेलीच डबी घ्या. काजळाची कांडी आणि डोळ्याचा ब्रश ज्याचा त्याचा वेगळा हवा. डोळे आले की एका कांडीवरून सबंध फडाला येतात. पेटीत दर माणशी एक झाकणाचा छोटा डबा ठेवला की हा प्रश्न मिटतो.

पंचायतीने आणि जत्रा कमिटीने

सरपंच, ग्रामसेवक आणि कमिटीवाले, आता तुमच्याकडे वळतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी राखायचा असतो. ब्युटी पार्लरचा कोर्स केलेल्या मुली आता गावोगाव आहेत. लग्नसराईत त्या नवरी सजवायला वाड्यावस्त्यांवर जातात आणि ऐन मुहूर्ताला भारनियमन किंवा बिघाड आडवा येतो. त्यांनाही हीच पेटी लागते. कोर्स झाला की प्रमाणपत्राचा फोटो काढून थांबू नका, हत्यार हातात पडेल का ते पाहा. आणि पेटी गावच्या सुताराकडून करून घ्या. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे, त्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत ठेवलेली आहे. त्याची नोंदणी झाली का, हेही एकदा विचारा.

जत्रेच्या रात्रीसाठी तारेवर आकडा टाकू नका. रीतसर तात्पुरतं कनेक्शन घ्या, अर्थिंग करा आणि गळतीला वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं यंत्र बसवा. ओल्या जमिनीवर, घुंगरं बांधून, लोखंडी खांबांच्या मध्ये बायका वावरतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कनातीत पाण्याची टाकी, बंद होणारं स्वच्छतागृह आणि दाराशी एक जबाबदार माणूस ठेवा. रंग लावायच्या जागी डोकावणाऱ्या पोरांना गावानेच दटावलं पाहिजे. पाहुण्या बायांनी किती गावांशी भांडायचं?

शेतकरी मंडळी, यंदाच्या बैठकीत जमाखर्चाच्या कागदावर ही एक ओळ घालायला सांगा : ‘रंगपटाचा उजेड’. रक्कम शोभेच्या दारूच्या एका माळेएवढीसुद्धा होणार नाही. माळ दोन मिनिटांत उडून जाते. नीट केलेली पेटी आणि नीट ओढलेली वायर पुढच्या जत्रेलाही कामाला येते.